पणजीचं लाळेरं : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

पाऊस पूर्ण उघडलाय, हवा कोरडी आहे. जुन्या कापडाला हात लावायचा तो आताच. थोरल्या आत्याने काल वडगावहून लाळेरं पाठवलं. भाचीच्या मुलीचं उष्टावण सातव्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस आहे आणि त्या दिवशी ते तिच्या गळ्यात असावं अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा. आत्याचा निरोप असा : "धू, इस्त्री कर, नवे बंद लाव, झालं की गे."

धुण्याआधी काय काय आहे ते लिहून ठेवते. एकदा पाण्यात गेलं की पाण्याने नेलेलं परत मिळत नाही.

आकार अर्धगोल, रुंदी साडेआठ इंच, गळ्यापासून खाली सहा इंच. तीन थर. वरचं कापड जाडसर पांढरं, आता पिवळट झालेलं. मधे काहीतरी फार मऊ. मागे साधं अस्तर. कडेने खणाचा गोट, तांबड्यावर काळी बुट्टी. गोट उरेब, म्हणजे तिरका, कापलेला नाही, सरळ पट्टी आहे, म्हणून गोलावर बारीक बारीक चुण्या घेतल्यात. चोळी बेतून उरलेल्या कापडात उरेब पट्टी निघत नाही. उरल्यातून केलं असेल तर असंच करावं लागतं. चुण्या मात्र एकसारख्या आहेत. रोज गोट लावणारी माझी बोटं हे काम बघून थांबली.

समोर कसूती, म्हणजे कापडाचे धागे मोजून केलेलं भरतकाम. मधे तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना वृंदावनाकडे तोंड केलेले हत्ती, खाली मेंतीच्या, म्हणजे फुलीसारख्या, टाक्याची एक ओळ. मागे बंदांच्या जागी एक टिचबटण, गंजलेलं. गळ्याजवळ पिवळे डाग, उजव्या हत्तीच्या पायाशी एक मोठा तपकिरी डाग. तळाशी बोटाच्या पेराएवढं रफू, दुसऱ्याच हाताचं.

१३ नोव्हेंबर

आत्याकडे जाऊन बसले. ती १९३८ची. तिच्यासाठी तिच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने, हे शिवलं. पणजीचं माहेर धारवाडकडचं, कसूती तिथून हातात घेऊन ती बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या घरात आली. कापड हुदलीची खादी, असं आत्या सांगते. बेळगावजवळचं, काँग्रेसचे नेते गंगाधरराव देशपांड्यांचं गाव ते. एप्रिल १९३७मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन हुदलीत भरलं, गांधीजी आले होते. पणजोबा बघायला गेले आणि येताना खादी घेऊन आले, ही आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट.

मग कोणाकोणाच्या गळ्यात होतं ते लिहून घेतलं. आत्याच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होतं, पलीकडे छावणीसकट बेळगाव इंग्रजांचं. बाबा १९४९चे, तोवर संस्थान विलीन झालेलं, ते मुंबई प्रांतात जन्मले. मी १९७२ची, म्हैसूर राज्यातली. धाकटा भाऊ १९७५चा आणि तोवर, १ नोव्हेंबर १९७३पासून, राज्याचं नाव कर्नाटक. भाचीही तिथलीच. घर तेच, गल्ली तीच, हौदाशेजारचा धुण्याचा दगडही तोच. आमच्याकडे राज्य कुठलं यावर आयुष्यभर बोलणारी माणसं आहेत, मीही बोलते. पण या एका लाळेऱ्यावर सांगली, मुंबई, म्हैसूर आणि कर्नाटक या चारही ठिकाणची बाळं लाळ गाळून गेली, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आत्या म्हणाली, "बाळाला काय कळतंय गे राज्य? त्याला दूध कळतंय."

२० नोव्हेंबर

वडगावातल्या एका यंत्रमागवाल्यांकडून धागे मोजायचं भिंग आणलं. इंचभर चौकोनात उभे धागे ३६, आडवे ३२. धागा एके ठिकाणी जाड, पुढे बारीक, मधेच पिळाची गुठळी : हातकताईचंच सूत, गिरणीचं सूत असं चालत नाही.

टाका तीन धाग्यांवर आहे. म्हणजे रुंदीत इंचाला बारा टाके, उंचीत पावणेअकराच्या आसपास. हत्ती जरा उंच पायांचे का दिसतात याचं उत्तर यात मिळालं. पणजीने हत्ती उंच काढलेला नाही, कापडाने केलाय. कसूतीत कापडावर आखून घेत नाहीत, धागे मोजत जातात, त्यामुळे वीण जशी तसं चित्र.

वृंदावनाच्या पायऱ्या मुरगीच्या, म्हणजे पायरीपायरीने जाणाऱ्या टाक्याच्या, बाह्यरेषा गवंतीच्या, म्हणजे सरळ रेघेच्या टाक्याच्या, हत्तीची झूल नेगीने, म्हणजे विणल्यासारख्या दिसणाऱ्या टाक्याने, भरलेली आणि खालची ओळ मेंती. चारही टाके एका वीतभर कापडावर. लेकीची लेक नव्हे, लेकाची पहिली लेक. तिच्यासाठी पणजीने हात राखून काम केलेलं नाही.

२४ नोव्हेंबर

रंग सुटतो का ते पाहिलं. प्रत्येक रंगावर ओल्या पांढऱ्या सुती चिंधीचं टोक दाबून ठेवलं. हिरवा आणि काळा स्थिर. तांबडा सुटला, चिंधीवर फिकट गुलाबी ठसा आला.

म्हणजे प्रश्न मिटला. हे पाण्यात बुडवायचं नाही. रिठ्याचं पाणी सौम्य म्हणून बरेच जण सुचवतात, पण इथे अडचण साबणाची नाही, पाण्याचीच आहे. तांबडा एकदा पसरला की हत्तीभोवतीचं पांढरं कापड कायमचं गुलाबी. वॉशिंग सोडा, ब्लीच, लिंबू-मीठ यातलं काही जवळही आणायचं नाही. आम्ल सुताला खातं, ब्लीच त्याहून लवकर.

कोरडी सफाई केली. मऊ कुंचल्याने शिवणीतली धूळ वर आणायची, व्हॅक्युमच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधून ती लांबूनच ओढून घ्यायची. सावकाश केलं तर एका बैठकीत होतं. कापड थोडं उजळ झालंसुद्धा.

२८ नोव्हेंबर

अस्तराची तळाची शिवण आधीच दोन इंच उसवलेली होती, तिथूनच आत पाहिलं. एकही जुना टाका तोडला नाही.

मधला थर धोतराचा. शेकडो धुण्यांनी झालेला तो मऊपणा नव्या कापडाला कशानेही येत नाही. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लावायचं, हे आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक. लाळेऱ्याचं खरं कामही हाच थर करतो, वरचं कापड दाखवायचं, आतलं शोषायचं.

आतून कसूतीची मागची बाजू दिसली आणि मी आरसा, टॉर्च घेऊन तासभर तिथेच बसले. गवंती-मुरगीची उलटी बाजू सुलटीसारखीच असते, हे ऐकून आणि शिकून माहीत आहे. इथे ती पुढून मागून जुळते, गाठ कुठेच नाही. बाहेर जो नारिंगी वाटत होता तो दोरा आत चांगला रसरशीत तांबडा आहे. उजेडाने पुढची बाजू उतरली, अस्तराने मागची राखली. नवीन दोरा निवडायचा तो या आतल्या रंगावरून.

धोतराच्या थरावर पिवळे डाग बरेच. एका डागाच्या कडेला, मागच्या बाजूने, खाण्याच्या सोड्याचं अगदी पातळ पाणी कापसाने टेकवलं. पिवळ्याचा तांबूस झाला. साध्या पाण्याने टिपून घेतल्यावर परत पिवळा. हळद! हळद साबणात, सोड्यात तांबडी होते हे प्रत्येक घरात धुण्याच्या दगडावर दिसतं. आणि तान्ह्या बाळाच्या तोंडून हळद ओघळते ती गुटीतली. सहाणेवर हळकुंडाचे वेढे, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा. हळदीचा डाग उन्हात उडतो. हा ट्रंकेच्या अंधारात राहिला म्हणून टिकला.

आत्याला फोन केला. तिला हसू आवरेना. म्हणाली, तुझा बाबा गुटी थुंकायचा, सगळी.

३ डिसेंबर

टिचबटण काढलं.

आईने १९७२मध्ये, माझ्यासाठी, बंद तोडून ते लावलं होतं. तेव्हा ती सोय मोठी वाटली असणार. ते लोखंडी आहे. गंज नुसता डाग पाडून थांबत नाही, लोखंड सुताची झीज वाढवत राहतं. बटणाभोवती पावलीएवढं कापड काळपट आणि ठिसूळ झालं होतं, भिंगाखाली धागे तुटलेले दिसतात. हा डाग इतर डागांसारखा नाही. दूध, हळद जे व्हायचं ते होऊन गेलं. गंजाचं काम अजून चालू होतं.

म्हणून माझ्यापुरती रेघ आखून घेतली : जे कापडाला अजून खातंय ते काढायचं, जे कापडावर घडून गेलंय ते राहू द्यायचं. डाग राहतील, रफू राहील, चुण्या राहतील, बटणाची भोकंही राहतील. बटण जाईल.

बटणाचा दोरा बारीक कात्रीने मागून कापला, बटण ओढलं नाही. ठिसूळ भागाखाली धुतलेल्या मलमलीचा तुकडा सरकवला आणि एकपदरी दोऱ्याने लांब धावदोरा घातला, सुई धाग्यातून न घालता दोन धाग्यांच्या मधून. बटण छोट्या डबीत वेगळं ठेवलंय, आईच्या नावाने.

११ डिसेंबर

आत्या घरी आली. लाळेरं बघून तिला आनंद झाला, मग राग आला.

"डाग तसेच की गे. काय करालीस महिनाभर?"

मी सगळं सांगितलं. तांबडा सुटतो, बुडवलं तर हत्ती जातील. उष्टावणाला खीर सांडणार, खीर म्हणजे दूध, साखर, तूप, केशर. मग पुन्हा धुणं आलं. यावर बाळाने जेवायचं नाही. मी अगदी असंच दुसरं शिवते, ते घालू.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते घालायला केलंय. देवाऱ्यात मांडायला न्हाई केलेलं. घालू नकोस म्हणालीस तर मग ते कुणाचं?"

तिचं म्हणणं खोटं नाही. लाळेऱ्यावर पाच बाळांची लाळ आहे म्हणून ते मोलाचं. सहाव्याच्या गळ्यात घालायचं नाही असं मी कोणत्या अधिकाराने म्हणायचं? जेवणाखाणानंतर, वहिनीने चहा आणल्यावर, तोड आत्यानेच काढली. औक्षण होईपर्यंत जुनं. पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं, सगळ्यांनी बघायचं. मामा अंगठी खिरीत बुडवायच्या आधी ते काढून नवं बांधायचं. मी लगेच हो म्हटलं. कोरड्या हाताने, दहा मिनिटं, मऊ झबल्यावरून. एवढं त्याला झेपतं.

१९ डिसेंबर

हुदलीची खादी मिळाली, जाडसर पांढरी. भिंगाखाली उभे ४४, आडवे ४०. जुन्यापेक्षा बारीक. टाका चार धाग्यांवर घेतला तर रुंदीत इंचाला अकरा, उंचीत दहा. जुन्याशी प्रमाण जवळजवळ जुळतं, हत्ती फक्त किंचित मोठा होईल. चालेल, बाळही हल्लीचं गुटगुटीत आहे.

रात्रभर भिजवून खळ काढली, सकाळी पिळून सावलीत वाळवली. खादी आटते, न भिजवता बेतली तर पहिल्या धुण्यात सगळं आखडतं. मधल्या थरासाठी बाबांचं धोतर आहे. ते वापरताना थोडा वेळ लागला.

दोरा गणपत गल्लीत मिळाला. सहा पदरी सुती, त्यातले दोन पदर घ्यायचे. तांबडा निवडताना आतल्या बाजूचा फोटो न बघता, दिवसाच्या उजेडात दुकानाच्या पायरीवर लाळेरंच उघडून धरलं. मोबाईलवर तांबडा कधी खरा दिसत नाही. नव्या दोऱ्याचा रंगही ओल्या चिंधीवर तपासला. पक्का आहे.

४ जानेवारी

आलेखाच्या कागदावर हत्ती उतरून झाला, एक घर म्हणजे एक टाका. दोन हत्ती एकमेकांचे आरशातले असतील असं धरलं होतं, तसे ते नाहीत. डाव्याची सोंड खाली, उजव्याची वळून वर. झुलीची नक्षीही वेगळी. दोन्ही तसेच उतरवले.

मुरगीच्या पायऱ्या शेजारच्या अक्कांकडून पक्क्या करून घेतल्या. त्या बैलहोंगलकडच्या, बोलतात कन्नड, मी मराठीत उत्तर देते, वर्षानुवर्षं असंच चाललंय. मी दोरा सुरू करताना सवयीने टोकाला वेटोळं घातलं तर हात धरला : "गंट हाकब्याडव्वा!" (गाठ घालू नको बाई!) सुरुवातीला दोऱ्याचं शेपूट सोडायचं, परतीच्या टाक्यांखाली ते दाबत जायचं. गवंती, मुरगी दोन्हींत सुई एकदा जाते आणि त्याच वाटेने रिकाम्या जागा भरत परत येते, म्हणून मागे-पुढे सारखं. वाट अशी निवडावी लागते की परतताना कुठलीच रेघ सुटणार नाही. अक्का सुई हातात घ्यायच्या आधी बोटाने सगळी वाट कापडावर फिरवून घेतात. पणजीच्या वृंदावनावर त्यांनी तसंच बोट फिरवलं आणि सुरुवात कुठून झाली असेल ते सांगितलं : डावीकडच्या खालच्या पायरीपासून.

१५ जानेवारी

संक्रांत. बाळाचं बोरन्हाण, काळं झबलं, हलव्याचे दागिने. काम बंद.

२९ जानेवारी

दोन्ही हत्ती झाले. डोळे दुखतात, दिवसा खिडकीशीच बसते, संध्याकाळी नाही. वृंदावन अर्धं. नेगीची झूल सर्वांत सोपी आणि सर्वांत देखणी. विणकामातच नक्षी आल्यासारखी दिसते. उजव्या हत्तीचा डाग नव्यावर नाही, तेवढी जागा सारखी रिकामी वाटते.

वहिनीने विचारलं, मशीनवर कॉम्प्युटर कशिदा होतो की, अर्ध्या तासात. होतो. पण त्याची मागची बाजू जाडी, कडक, खाली कागदी अस्तर. ते बाळाच्या हनुवटीखाली ओलं झालं की घासतं. सात महिन्यांच्या मुलीची कातडी केवढीशी. कसूती दोन्हीकडून सपाट राहते, लाळेऱ्याला ती शोभते म्हणूनच नव्हे, सोसतेही म्हणून.

१२ फेब्रुवारी

जोडणी. गोटाला गुळेदगुड्डचा खण घेतला, तांबडाच. उरेब पट्टी सहज निघाली असती, तरी सरळ कापली आणि चुण्या घातल्या, पणजीसारख्या. दोन इंच गोट लावायला ब्लाउजच्या अख्ख्या गळ्याएवढा वेळ गेला.

गळा मागे कसा मिटवायचा यावर भाचीशी बोलले. टिचबटण नको, कुठलंच बटण नको. निघालं तर थेट तोंडात जातं. बंदच, पण आखूड आणि एका ओढीत सुटणारे. लांब बंद मानेभोवती गुंततात. आणि झोपवताना लाळेरं काढायचंच, नवं असो की जुनं. भाचीने मान डोलावली, तिच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलंय.

जुन्या लाळेऱ्याच्या बटणाच्या जागी काही शिवलं नाही. त्या दिवसापुरती मऊ मलमलीची पट्टी गळ्यामागून घालून झबल्यालाच दोन टाक्यांनी धरायची.

२५ फेब्रुवारी

उष्टावण झालं.

जुनं लाळेरं औक्षणापुरतं घातलं. आत्या खुर्चीत बसून होती, उठून आली, बाळाच्या गळ्याशी हात लावून हत्ती दाखवत राहिली. ओवाळून झाल्यावर मी टाके कापले, काढून सुपात ठेवलं, भाचीने नवं बांधलं. मामाने अंगठीने खीर चाटवली, बाळाने तोंड वाकडं केलं, मग दुसऱ्या वेळी अंगठीच धरून ठेवली. खीर सोंड वर केलेल्या हत्तीवर सांडली.

नवं संध्याकाळीच गार पाण्यात भिजवलं. दुधाचा डाग गरम पाण्याने बसतो, गारच हवं. मग रिठा, मग सावलीत. केशराचा पिवळा ठिपका राहिलाय. तो काढू नकोस, असं भाचीने स्वतःहून सांगितलं.

जुन्याची तपासणी केली : नवीन डाग नाही, ठिसूळ भाग तसाच, एकही धागा नवा तुटलेला नाही.

१ मार्च

ठेवण. डांबरगोळ्या बंद. प्लॅस्टिकची पिशवी बंद, आपल्या पावसाळ्यात त्यात ओल कोंडते. जुना मांजरपाट बिनखळीचा धुऊन दोन तुकडे केले, एकावर लाळेरं सपाट, घडी न घालता, वर दुसरा. इस्त्री नाही, स्टार्च तर नाहीच; खळीला कसर लागते. वेखंडाची पुरचुंडी ट्रंकेच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकता. दरवर्षी दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की काढून सावलीत वारा द्यायचा. ही जबाबदारी भाचीने घेतलीय. लाळेरं आता तिच्याबरोबर निपाणीला जाईल.

सोबत वहीची नक्कल, टिचबटणाची डबी आणि सुती फितीवर लिहिलेली ओळख : कुणी शिवलं, कुणाकुणाच्या गळ्यात होतं, तांबडा रंग सुटतो, पाण्यात घालू नये.

आलेखाचे कागद चंदगडच्या मावसबहिणीने मागितलेत, तिच्याकडे एप्रिलमध्ये बारसं आहे. दोन्ही हत्तींचे वेगवेगळे पाठवले, मुरगीची वाट बाणांनी दाखवून, सुरुवात डावीकडच्या खालच्या पायरीपासून.

आत्याच्या ट्रंकेत एक कुंचीही आहे, त्याच खणाची. तिचं अस्तर कसरीने खाल्लंय. ती पाऊस संपल्यावर घेईन.